पिंपळाला रात्रपाळी लावू नका

‘पिंपळ चोवीस तास प्राणवायू देतो.’ वृक्षारोपणाच्या भाषणात, शाळेच्या रंगवलेल्या भिंतीवर, सकाळच्या सुप्रभात-संदेशात हे वाक्य इतक्या ठामपणे येतं की शंका घेणारा धर्मद्रोही तरी ठरतो, नाहीतर पर्यावरणद्रोही. तरीही सांगायला हवं : हे साफ चूक आहे.

प्रकाशसंश्लेषणात पाण्याचा रेणू फुटतो, तेव्हा प्राणवायू सुटतो. तो फोडायची ताकद उजेडाची. अंधार पडला की हे काम बंद. चालू राहतं ते श्वसन, आणि त्यात पिंपळही तुमच्या-माझ्यासारखाच प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. वनस्पतींचे हिरवे भाग उजेडातच हवा शुद्ध करतात, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने 1779 मध्येच प्रयोग करून छापलं होतं.

यावर जरा वाचलेला प्रतिपक्षी म्हणतो, ‘पण काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडतात ना?’ उघडतात की! निवडुंग, अननस, घायपात. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून त्या रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवस उजाडल्यावर त्याची साखर करतात. प्राणवायू सुटतो तोही तेव्हाच. पिंपळाला या पंगतीत घटकाभर बसवलं, तरी रात्रीच्या प्राणवायूचा दावा उपाशीच उठतो.

गंमत म्हणजे हा संदेश पुढे पाठवणारेच घरात बजावतात, ‘रात्री झाडाखाली झोपू नये, गुदमरायला होतं.’ हेही खोटं. झोपलेला माणूस तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. भीती बाळगायचीच तर खोलीतल्या कुंडीआधी शेजारी घोरणाऱ्याची बाळगावी. झाडाखाली झोपताना फांदी आणि विंचू बघावेत, ते वेगळं.

उरला शेवटचा मुद्दा : पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणून ते पिंपळ पूजत. प्राणवायू हा वेगळा वायू आहे हे जगाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कळलं. श्रावणी शनिवारी अश्वत्थाला प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईची श्रद्धा त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिला रसायनशास्त्राच्या शिफारसपत्राची गरज नाही.

पिंपळालाही नाही. त्याचं फळ म्हणतो ते म्हणजे आत वळलेला फुलोरा. बारीकशी शेकडो फुलं आतल्या अंगाला. तिथवर पोचते ती तिळाहून लहान एक गांधीलमाशी. ती आत शिरून परागीभवन करते, तिथंच अंडी घालते आणि तिथंच मरते. ही माशी नसेल तर पिंपळाला बी नाही; पिंपळ नसेल तर या माशीला घर नाही. फळं पिकली की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, कोकीळ, तांबट, वटवाघळं अशी सगळी झाडावर तुटून पडतात. त्यांच्या विष्ठेतून बी जातं आणि पडक्या वाड्याच्या चिरेबंदी भिंतीतही रुजतं. पिंपळ लावायला एवढं कारण पुरेसं आहे.

शिक्षकांना एकच विनंती. चंचुपात्रात पाणी, चिमूटभर खायचा सोडा, नरसाळ्याखाली हायड्रिला, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवून बुडबुडे मुलांना मोजू द्या. मग काळं कापड टाका, थोड्या वेळाने कापड उचलून लगेच पुन्हा मोजू द्या. भिंतीवरचं वाक्य पुसायचं की ठेवायचं, हे त्या वर्गालाच ठरवू द्या.