फुकट अवजार आणि मालकीचा प्रश्न

सॉफ्टवेअरचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील बहुसंख्य साथी 'तो तंत्रज्ञांचा प्रश्न आहे' असे म्हणून मोकळे होतात. जे साथी त्या क्षेत्रात पोटापाण्यासाठी राबतात, त्यांची रीतही फारशी निराळी नाही. हातातले अवजार मालकाने बंद केले, तर ते दोन दिवस हळहळतात, तिसऱ्या दिवशी दुसरे फुकट अवजार उतरवून घेतात आणि कामाला लागतात. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची, हा प्रश्न गिरणीच्या दारात खड्या आवाजात विचारणारे आपण, तोच प्रश्न संगणकाच्या पडद्यापुढे विचारायला का कचरतो? या लेखाचा रोख या कचरण्यावर आहे, आणि त्यासाठी एक ताजे उदाहरण तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

सुताराला जसा रंधा, तसा प्रोग्रामरला एडिटर. दिवसाचे आठ-दहा तास तो ज्यात लिहितो, खोडतो, तपासतो, ते हे साधन. 'ॲटम' हा असाच एक एडिटर गिटहब या अमेरिकन कंपनीने 2014 साली बाहेर काढला. त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला होता. एमआयटी परवान्यामुळे तो कोणीही वाचावा, बदलावा, पुन्हा वाटावा अशी मुभा होती. जगभरच्या प्रोग्रामरांनी विनामोबदला त्याच्यासाठी हजारो जोडण्या लिहिल्या. ॲटमसाठी तयार केलेल्या पायाचे पुढे 'इलेक्ट्रॉन' असे नामकरण झाले, आणि त्यावर इतर अनेक सॉफ्टवेअरे उभी राहिली. त्यांतले एक म्हणजे मायक्रोसॉफ्टने 2015 साली आणलेला प्रतिस्पर्धी एडिटर, 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड'. थोडक्यात, ॲटमच्या पायावर बलाढ्य शेजाऱ्याने आपला वाडा बांधला.

2018 साली मायक्रोसॉफ्टने गिटहबच 7.5 अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. दोन्ही एडिटर आता एकाच घरात आले. तेव्हा अनेकांनी शंका घेतली की ॲटमचे काय होणार? गिटहबचे नियोजित प्रमुख नॅट फ्रीडमन यांनी दोन्हींचा विकास चालू राहील, असे आश्वासन दिले. आश्वासन चार वर्षे टिकले. 8 जून 2022 रोजी कंपनीने ॲटम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि 15 डिसेंबर 2022 रोजी त्याचे दप्तर बासनात बांधले. कारण काय दिले? लोकांचा सहभाग घटला, गेल्या काही वर्षांत मोठी भर पडली नाही! भर घालायची कोणी होती? ज्याच्या हातात पगारी माणसे आणि पैसा होता, त्याने एका रोपाचे पाणी तोडून ते दुसऱ्याला घातले, आणि पहिले वाळल्यावर त्याच्या वाळण्याचाच दाखला देऊन ते उपटले. गिरण्यांच्या आधुनिकीकरणावर पैसा न घालता त्या आजारी ठरवणाऱ्या मालकांचा इतिहास ज्या मुंबईने पाहिला आहे, त्या मुंबईच्या वाचकाला ही युक्ती समजावून सांगायला नको.

येथे आपल्यातलेच काही मित्र तीन आक्षेप घेतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की, नवे अवजार जुन्यापेक्षा सरस आहे आणि फुकटही आहे. मग रडगाणे कशाला? ॲटम संथ चालत असे, मोठ्या फायली उघडताना दमत असे, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळांनी तो स्वखुशीने सोडला, हेही खरे. परंतु सरस असणे आणि स्वाधीन असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा मूळ स्रोत खुला आहे. मात्र कंपनी जी तयार प्रत वाटते, ती तिच्या स्वतःच्या परवान्याखाली येते आणि वापराची माहिती कंपनीकडे पाठवण्याची सोय तिच्यात असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोडण्यांचा जो अधिकृत बाजार आहे, त्याच्या अटींनुसार तेथील माल केवळ मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांत वापरता येतो. खुल्या स्रोतातून कोणी स्वतंत्र प्रत तयार केली, जशी 'व्हीएसकोडियम' नावाची प्रत स्वयंसेवकांनी केली आहे, तर तिला या बाजाराचे दार बंद. शेत कसायला दिले, पण विहिरीवर कुलूप आपले ठेवले, असा हा व्यवहार आहे. सातबारा नावावर असून पाण्यासाठी वाड्यावर हात पसरावा लागणारा शेतकरी स्वतंत्र आहे, असे आपण कधी म्हटले आहे काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रामाणिक समर्थकांकडून येतो. त्यांचे म्हणणे असे की, स्रोत खुला असला म्हणजे ते साधन कोणालाही मारता येत नाही. मालकाने सोडले तर लोक पुढे नेतील. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्पाची घोषणा करून ज्या चळवळीचा आरंभ केला, तिचे ऋण आपण मानतोच. पण ॲटमच्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. स्रोत खुलाच होता. तरीही जोडण्यांचे कोठार कंपनीच्या यंत्रांवर होते, नाव कंपनीचे होते आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकारही कंपनीचाच होता. कंपनी उठून गेली तेव्हा लोकांच्या हाती परवान्याचा कागद आणि स्रोताची प्रत तेवढी उरली. काही स्वयंसेवकांनी हिंमत धरली आणि 'पल्सार' या नावाने ते काम पुढे चालवले. पण त्यांना आधी काय करावे लागले? जुन्या जोडण्या जमवून त्यांचे कोठार नव्याने उभारावे लागले. हे मूठभर लोक आपल्या फुरसतीच्या वेळात जे करीत आहेत ते अभिनंदनीय आहे. मात्र ज्या लाखोंनी ॲटम वापरला, त्यांतले बहुसंख्य या मुठीत सामील झाले नाहीत. ते शेजारच्या वाड्यात राहायला गेले.

यातून निघणारा धडा साधा आहे. परवाना हा हक्क देतो, सत्ता देत नाही. कूळकायद्याने कुळाला जमीन मिळाली. परंतु बी-बियाणे, कर्ज आणि बाजार सावकाराकडेच राहिला, तेथे ती जमीन टिकली नाही. हक्क टिकवायला संघटना लागते, आणि संघटनेला स्वतःचे कोठार, स्वतःचा पैसा आणि उत्तराधिकाराची स्वतःची रीत लागते.

या विधानाला पुरावा हवा असेल तर तो उलट बाजूने देता येतो. 'व्हिम' हा एडिटर ब्राम मूलेनार या डच प्रोग्रामराने 1991 साली प्रसिद्ध केला. त्याने तो फुकट दिला आणि ज्यांना वापरून समाधान वाटेल त्यांनी युगांडातील अनाथ मुलांसाठी मदत द्यावी, एवढेच आवाहन केले. ऑगस्ट 2023 मध्ये मूलेनार यांचे निधन झाले. व्हिम मात्र आजही चालू आहे, कारण त्याच्याभोवती वर्षानुवर्षे हातभार लावणाऱ्या माणसांची फळी उभी होती आणि त्या फळीने भार उचलला. निर्माता गेला, अवजार जगले; ॲटमच्या बाबतीत धनी जिवंत, धडधाकट आणि अब्जाधीश असताना अवजार गेले. यापेक्षा बोलका हिशेब कोणता?

दुसरे उदाहरण तर इतिहास घडवणारे आहे. लिनक्सचे विकासक 2002 सालापासून 'बिटकीपर' नावाचे एका कंपनीचे साधन वापरीत होते. ते फुकट मिळत असे, पण अटींवर. त्यांतली एक अट अशी की, वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे साधन तयार करू नये. अनेकांनी त्याच वेळी धोक्याचा इशारा दिला होता. 2005 च्या एप्रिलमध्ये कंपनीने फुकट वापराची मुभा काढून घेतली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी दुसऱ्या कंपनीचा उंबरठा झिजवला नाही. 3 एप्रिलला 'गिट'चे काम सुरू झाले, 7 एप्रिलपर्यंत गिट स्वतःचाच स्रोत सांभाळू लागले, आणि जूनमध्ये लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती गिटच्या आधारे बाहेर पडली. जुलैमध्ये टोरवाल्ड्स यांनी त्याची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली. आज प्रोग्रामिंगचे जग गिटवर चालते. लाचारीची वेळ स्वावलंबनाची संधी कशी होते, याचे हे उदाहरण आहे.

परंतु कथा येथे संपत नाही. हेच गिट वापरण्याची सोय विकणारी कंपनी म्हणजे गिटहब. विकेंद्रित राहावे म्हणून रचलेले साधन. आणि जगाने आपली कोठारे त्याच्यासह एकाच कंपनीच्या आवारात नेऊन ठेवली! 2019 साली अमेरिकन सरकारच्या निर्बंधांकडे बोट दाखवून त्या कंपनीने इराण, सीरिया आणि क्रिमियातील प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधने घातली. इराणपुरती ती 2021 साली उठली, तीही अमेरिकन सरकारने परवानगी दिल्यावर. पुण्या-मुंबईत बसून जे निश्चिंत आहेत, त्यांनी आपली निश्चिंती कोणाच्या मर्जीवर उभी आहे, हे एकदा तपासावे.

तिसरा आक्षेप आपल्या कार्यकर्त्यांचा : हे प्रोग्रामर म्हणजे जाड पगाराचे पांढरपेशे, त्यांच्या अवजारांची चिंता पक्षाने का वाहावी? हा आक्षेप घेणाऱ्यांनी फॉक्सप्रो आठवावे. आपल्याकडच्या कितीतरी लहान संस्थांचे, दुकानांचे हिशेब एके काळी फॉक्सप्रोवर चालत. मायक्रोसॉफ्टने मूळ कंपनी 1992 साली घेतली, 2007 साली यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे सांगितले आणि 2015 साली उरलासुरला आधारही काढून घेतला. फॉक्सप्रोचा स्रोत खुला नव्हता. त्यामुळे ते पुढे नेण्याचा मार्गच कोणाला उरला नाही. अशा वेळी नव्या यंत्रणेचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? सभासदाच्या, ग्राहकाच्या, आणि ज्याचे कसब एका रात्रीत शिळे ठरते त्या पन्नाशीच्या कारकुनाच्या! अवजार बंद करण्याचा निर्णय परदेशातल्या संचालक मंडळात होतो. त्याचा भुर्दंड तालुक्याच्या गावी भरला जातो.

आपल्या पक्षपरंपरेला तर हा प्रश्न नवा नाही. विदेशी भागभांडवल 40 टक्क्यांवर आणण्याची अट आयबीएमने नाकारली आणि 1978 साली ती कंपनी भारतातून गेली. उद्योगमंत्री होते साथी जॉर्ज फर्नांडिस. देशातले संगणक आता बंद पडणार, अशी ओरड झाली. पण 1975 साली सरकारने स्थापन केलेल्या सीएमसी या सार्वजनिक कंपनीने आयबीएमच्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी ती करून दाखवली. पर्याय आयता मिळत नसतो, तो घडवावा लागतो, हे तेव्हा सिद्ध झाले. तीच सीएमसी 2001 साली खाजगी उद्योगसमूहाला विकण्यात आली. आणि ज्या आघाडीच्या सरकारने ती विकली, तिचे निमंत्रकपद साथी जॉर्ज यांच्याकडेच होते. ही बाब लपवून आपण कोणाला उपदेश करू शकणार नाही. सार्वजनिक मालकी एकदा मिळवून भागत नाही, ती राखावी लागते, हा त्या प्रकरणाचा दुसरा धडा.

मग करायचे काय? जी साधने बंद झाली त्यांच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही, आणि प्रत्येक कंपनीचे प्रत्येक साधन वर्ज्य माना, असे सोवळेही आम्ही सांगत नाही. पर्याय निवडताना मात्र 'जलद कोणता?' आणि 'फुकट कोणता?' यांच्या आधी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. याचे कोठार कोणाच्या ताब्यात आहे? आपले काम यातून बाहेर काढून दुसरीकडे नेता येईल काय? आणि आजचा चालक उद्या निघून गेला तर पुढचा कोण, हे कोण ठरवते? ॲटमच्या काही मूळ कारागिरांनी 'झेड' हा नवा, वेगवान एडिटर तयार केला आहे आणि 2024 पासून त्याचा स्रोतही खुला आहे. त्यामागे मात्र गुंतवणूकदारांच्या भांडवलावर उभी असलेली कंपनी आहे. तो जरूर वापरावा, पण वरील तीन प्रश्न त्यालाही चुकलेले नाहीत. एक्लिप्स फाउंडेशन ही संस्था जोडण्यांचे खुले कोठार चालवते. आपल्या जोडण्या तेथेही ठेवणे, हे कोणाही प्रोग्रामराला आज करता येण्याजोगे काम आहे.

व्यक्तीच्या निवडीने मात्र हा प्रश्न सुटणार नाही. जर्मनीने 2022 साली अशा पायाभूत मुक्त साधनांच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेले आणि शिक्षकांनाच त्यात तयार केले. भारत सरकारनेही 2015 साली मुक्त स्रोताच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. पण धोरणाचा कागद आणि देखभालीचा पैसा यांत अंतर असते. महाराष्ट्रात जेथे जेथे जनतेच्या पैशाने सॉफ्टवेअर घेतले जाते, तेथे तेथे त्याचा स्रोत जनतेचा असावा आणि खर्चाचा ठराविक वाटा ज्या मुक्त साधनांवर ते उभे आहे त्यांच्या देखभालीला जावा, ही मागणी पक्षाने आपल्या कार्यक्रमात घेतली पाहिजे. ज्या राज्याने साखर कारखाना सभासदांच्या मालकीचा असू शकतो हे दाखवले, आणि ती मालकी मूठभरांच्या हाती कशी जाते हेही अनुभवले, त्या राज्याला या मागणीतले सामर्थ्य आणि धोके दोन्ही कळावेत.

प्रोग्रामर साथींना शेवटी एवढेच सांगायचे आहे. पुढचे अवजार केव्हा बंद होईल, हे तुम्हाला कळवले जाईल. विचारले जाणार नाही. ते विचारावे लागेल अशी परिस्थिती निर्माण करणे, हे एकट्यादुकट्याचे काम नाही. गिरणी कामगाराने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. तुम्ही कधी ओळखणार?