डोंगरवाटेचे बूट : गादी किती, पकड किती?

"साडेसहा हजार? पायात घालायला?" सासूबाईंनी खोक्यावरची चिठ्ठी दोनदा वाचली. मग बूट हातात घेऊन उलटा केला, तळावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ट्रॅक्टरचं टायर दिसतंय गं."

त्या बोलल्या ते तंतोतंत खरं होतं, पण ते पुढे सांगते. जानेवारीत मी सकाळच्या फिरण्याबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच मैत्रिणींनी पत्रातून एकच विचारलं : डोंगरावर जायचं तर पायात काय घालायचं? दुकानात तर सगळेच बूट मऊ लागतात. तेव्हा आज बुटांची पारख. माझ्या जोडीचं नाव मात्र मुद्दाम देत नाही. पायापायात फरक असतो, आणि माझ्या शब्दावर कुणी साडेसहा हजार घालवू नयेत.

आम्ही राहतो साताऱ्यात. इथल्या बाईने घराबाहेर पाऊल टाकलं की चढच लागतो. आम्ही चौघीजणी पहाटे चार भिंतींच्या बाजूने अजिंक्यताऱ्यावर जातो. वर जायला डांबरी रस्ता आहे, पण मध्ये पायवाटेने गेलं की वळणं वाचतात. वर गेल्यावर मुरूम, कुठे उघडा काळा कातळ, कुठे सुटे धोंडे. पावसाळ्यात यातल्या प्रत्येकावर शेवाळ नाहीतर चिखल. म्हणजे तासाभरात पायाखालची जमीन चार-पाच वेळा बदलते. मी काही धावपटू नव्हे. चढ चालते, सपाटीला आणि रस्त्याच्या उतारावर हळूहळू पळते. 2012 पासून आमच्या गावात यवतेश्वरच्या घाटातून हिल मॅरेथॉन होते. दरवर्षी ती बघून बघून आमच्या पायांनाही खाज सुटली, एवढंच.

आता आधीची चूक सांगते. माझी टाच दुखत असे. सकाळी पलंगावरून उतरून पहिली चार पावलं टाकताना तर डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, फरशीवर अनवाणी उभं राहू नका, मऊ तळाचे बूट घ्या आणि पोटऱ्यांचे व्यायाम करा. मी त्यातलं "मऊ" तेवढं ऐकलं. दुकानात गेले, अंगठ्याने दाबून सर्वांत मऊ लागले ते बूट घेतले. पांढराशुभ्र जाड फोमचा तळ, खाली रबर म्हणून नाही. घरात आणि रस्त्यावर अगदी लोण्यावर चालल्यासारखं वाटे. 2023 च्या ऑगस्टमध्ये पायवाटेने उतरताना ओल्या मुरमावर दोन्ही पाय एकदम पुढे गेले आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पोळ्या ह्यांनी लाटल्या (नकाशे म्हणायचे, पण लाटल्या), वेणी लेकीने घातली, आणि फळ्यावर मी डाव्या हाताने लिहू लागले तेव्हा पाचवीची मुलं तोंडात रुमाल कोंबून हसली. वाईट त्याचं नाही वाटलं. वाईट वाटलं ते हे, की त्यानंतर जवळजवळ सहा महिने मी उताराला घाबरत होते.

म्हणून दुसऱ्या वेळी नीट चौकशी केली. तेव्हा कळलं ते असं, की बुटाची गादी आणि बुटाची पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गादी म्हणजे मधला फोमचा थर. तो धक्का सोसतो. पकड देतो तो सर्वांत खालचा रबराचा थर आणि त्यावरचे उंचवटे. मी त्यांना दात म्हणते. नुसत्या फोमवर ओल्या जमिनीत भरवसा नाही.

या दातांची गोष्ट मला फार आवडली. 1935 साली इटलीतल्या विटाले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती आल्प्समध्ये दगावले. पायांतली साधनं त्या हवामानाला अपुरी पडली होती. त्या माणसाने मग टायर बनवणाऱ्या पिरेलीच्या मदतीने 1937 मध्ये खोल दातांचा रबरी तळ तयार केला. त्याच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरं जोडली की 'व्हिब्रम' होतं. आज चांगल्या डोंगरी बुटांच्या तळाला पिवळा अष्टकोनी शिक्का दिसतो तो हाच. सासूबाईंना टायर आठवलं ते उगीच नाही!

जाड गादीची हौस त्यामानाने अगदी अलीकडची. 2009 मध्ये फ्रान्समध्ये निकोला मेरमू आणि जाँ-लुक दियार या दोघांनी 'होका' काढली, ती डोंगर उतरताना वेगाने पळता यावं म्हणून. तेव्हा सगळीकडे पातळ तळाच्या बुटांची लाट होती, म्हणून लोक त्या फुगीर बुटांना हसले. आता जवळजवळ प्रत्येक कंपनीकडे तसला जोड असतो.

तर मी घेतलेला जोड असा गादीचा, पण खाली पूर्ण रबर आणि सुमारे 4 मिलिमीटर उंचीचे दात असलेला. चिखलासाठी 6 मिलिमीटरचे खोल दात मिळतात, पण ते डांबरावर टोचतात आणि भराभर झिजतात. शिवाय ओल्या सपाट कातळावर फार मोठे, विरळ दात उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे जास्तीत जास्त रबर दगडाला टेकायला हवं. आपल्यासारखी थोडं डांबर, थोडी पायवाट अशी वाट असेल तर मधलंच माप बरं.

आणखी एक आकडा विचारावा, तो टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाचा. दुकानदार त्याला 'ड्रॉप' म्हणतात. रस्त्याच्या बुटांत तो बहुधा 8 ते 12 मिलिमीटर असतो, डोंगरी बुटांत बरेचदा 4 ते 8. फरक कमी असला की पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर ताण वाढतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. नवे बूट आधी घरात, मग गच्चीवर, मग थोडं थोडं डोंगरावर असेच रुळवावेत.

दुकानात काय करायचं ते आता सांगते. तिथे लाजू नका. पैसे आपण देतो. संध्याकाळी जा, दिवसभराच्या उभं राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात. डोंगरावर जे मोजे घालणार तेच घालून जा, पण सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. बुटाच्या आतली सुटी गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभ्या राहा. बोटं किंवा पायाची कड बाहेर येत असेल तर तो बूट, कितीही देखणा असला तरी, खोक्यात परत. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. आमच्यातल्या एकीची दोन नखं गेली आहेत, ती आता चपलेतही पाय लपवते.

मग ओला पंचा पिळतो तसा बूट दोन्ही हातांनी पिळून बघा. अगदी सहज पिळला गेला तर धोंड्यांवर तो पायालाही तसाच पिळणार. टाचेची वाटी अंगठ्याने दाबा, ती घट्ट हवी. टोक वर वाकवलं तर बूट चवड्याशी वाकावा, मधोमध नव्हे. आणि शेवटी बूट टेबलावर ठेवून मागून बघा. गादी जेवढी उंच, तेवढा तळ रुंद हवा. उंच पाटावर उभं राहून वरच्या फळीवरचा डबा काढताना पाटाचा पाया अरुंद असला तर काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. सुट्या धोंड्यावर पाऊल तिरकं पडलं की उंच बुटात घोटा जास्त वळतो. गादीच्या बुटांचा हाच मोठा दोष.

हा दोष माझ्या जोडीतही आहे. मुरमावर, पायऱ्यांवर, कोरड्या कातळावर मी त्यांना दहापैकी नऊ गुण देईन. खडी टोचत नाही, उतरताना गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. डांबरावरही बरे. पण वरच्या सुट्या दगडांत मी अजून पळत नाही, चालते, कारण खालचा दगड पायाला कळतच नाही. आणि शेवाळावर? शेवाळावर ते घसरतात. विचारून विचारून थकले, शेवाळाला न घसरणारा बूट कुणी दाखवला नाही. तिथे कडेने, गवताच्या बाजूने, छोटी पावलं टाकत उतरणं एवढाच उपाय.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट दुकानदाराचं न ऐकता करा. तो पाणी न शिरणारे, आतून अस्तर लावलेले बूट दाखवील, हजार-दीड हजार जास्त घेईल. आपल्याकडच्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून आत शिरतं आणि अस्तरामुळे बाहेर पडत नाही. पायाची नुसती बादली होते. साधं जाळीचं कापड भिजतं, पण निथळतं आणि लवकर वाळतं. घरी आल्यावर आतल्या गाद्या काढाव्यात, वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत आणि पंख्याखाली ठेवावेत. कडक उन्हात, गॅसजवळ किंवा धुण्याच्या मशीनमध्ये नको. डिंक सुटतो आणि फोम आकसतो.

नाड्या बांधतानाही एक युक्ती आहे. सर्वांत वर, घोट्याशी एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेक जणी रिकामंच ठेवतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून ओवून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूलाही तसाच, मग दोन्ही टोकं समोरासमोरच्या फासांतून घेऊन बांधा. टाच जागच्या जागी बसते आणि उतरताना पाय पुढे सरकत नाही.

आता सासूबाईंच्या साडेसहा हजारांचा हिशोब. असे बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतात म्हणतात, मग फोम बसून जातो. आमचं आठवड्यातून पाच दिवस, रोज 4 किलोमीटर होतं. म्हणजे 800 किलोमीटरला चाळीस आठवडे, आणि किलोमीटरला आठ रुपये. हा हिशोब मी त्यांच्यापुढे मांडला तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि त्या मोडक्या मनगटाचं बिल किती झालं होतं?" मी सांगितलं. पुढे त्या विषयावर बोलल्या नाहीत.

टाचेचं विचाराल तर ती बरी आहे. पण श्रेय सगळं बुटांना देऊ नका. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायचा व्यायाम मी दुसऱ्या वेळी मात्र मनापासून केला, सकाळ-संध्याकाळ, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. दुखणं महिनाभरात हटलं नाही, तर बूट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

घेतले त्या दिवशी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला मी पेनने तारीख लिहिली होती, 12 जून 2024. 2025 च्या मार्चमध्ये ह्यांनी लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन दात मोजले. चवड्याशी 3 मिलिमीटर राहिले होते, टाचेच्या बाहेरच्या कडेला जेमतेम 2. ती कड डांबराने खाल्ली. तो जोड आता मंडईत जायला आणि बागेला पाणी घालायला. नव्या जोडीसाठी दिवाळीपासून दर महिन्याला डब्यात टाकत होते, आणि परवा उघडला तेव्हा मी टाकल्या नव्हत्या अशा पाचशेच्या दोन नोटा त्यात निघाल्या. विचारलं तर सासूबाई वाटाणे सोलत होत्या, त्यांना ऐकू आलं नाही.