रेवडी, खाजे आणि नवे भाटकार

रेवडी हा शब्द मुळात आपला नव्हे. आपण जत्रेहून घरी येताना खाज्याची पुडी आणतो. तिळाची रेवडी उत्तरेकडची. पण १६ जुलै २०२२ रोजी उत्तर प्रदेशात जालौन येथे बुंदेलखंड द्रुतगती मार्गाचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनी 'रेवडी कल्चर'वर टीका केली आणि तेव्हापासून हा शब्द काणकोणपासून पेडण्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. सरकारने गरिबाला काही दिले की झाली रेवडी! पुढे विचार करायची गरजच उरत नाही.

गंमत अशी की ज्या हिंदी म्हणीतून हा शब्द आला ती म्हण फुकट वाटण्याविरुद्ध नाहीच. 'अंधा बाँटे रेवडी, फिर फिर अपनों को दे' अशी ती म्हण आहे. आंधळा रेवड्या वाटतो आणि फिरून फिरून आपल्याच माणसांच्या हातावर ठेवतो. म्हणजे म्हणीचा राग वाटण्यावर नाही, वशिल्यावर आहे. आपण म्हणीतला शब्द तेवढा उचलला आणि अर्थ तिथेच टाकून आलो.

मी सरकारी कारकून. पक्षाचे राजकारण करणे माझ्या सेवानियमांत बसत नाही आणि मला त्यात रसही नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते सगळ्याच पक्षांना सारखे लागू आहे. ज्याला झोंबेल त्याने एकट्यावर ओढवून घेऊ नये, सोबतीला भरपूर मंडळी आहेत!

आधी रेवडीला नाके मुरडणाऱ्यांचे बघू. आमच्या कार्यालयात दुपारच्या चहाला हा विषय आठवड्यातून एकदा तरी निघतो. "फुकट पैसे देऊन लोकांना आळशी केले. आता नारळ पाडायला पाडेली मिळत नाही," हे ठरलेले वाक्य. गृह आधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. गोव्यात ५० रुपयांत एका माणसाचे धड जेवणही होत नाही. तेवढ्यावर कोण माडावर चढायचे सोडील? पाडेली मिळत नाही, कारण ते काम जिवावरचे आहे, म्हातारपणाची सोय त्यात नाही आणि पाडेल्याचा मुलगा शिकून हॉटेलात किंवा जहाजावर गेला. त्याचे खापर त्याच्या आईच्या १५०० रुपयांवर कशाला?

आणि फुकट दिलेल्याचाच हिशोब मांडायचा असेल तर तो वरपासून मांडू. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरचा आयकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादन कंपन्यांसाठी तर १५ टक्क्यांवर. सरकारचा वर्षाचा १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल यात सुटेल, हे त्यांनीच सांगितले. ही घोषणा दिल्लीत नव्हे, आपल्या पणजीत झाली! जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी त्या इथे आल्या होत्या. त्या दिवशी शेअर बाजार उसळला, वर्तमानपत्रांनी 'धाडसी सुधारणा' म्हणून मथळे दिले. रेवडी हा शब्द कुणी उच्चारला नाही. कंपनीला दिले की प्रोत्साहन, बाईला दिले की रेवडी. व्याकरण मोठे सोयीचे आहे. कंपन्यांचा कर कमी करावा की नाही यावर वाद होऊ शकतो, मी अर्थशास्त्री नाही, साधा बी.ए. आहे. पण शब्द लावायचा तर दोन्हीकडे लावा.

मतदार विकला जातो, हा दुसरा आरोप. त्याला उत्तर देण्यासाठी आपल्याला गोव्याबाहेर जायला नको. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीआधी बंगालहून आलेल्या तृणमूल काँग्रेसने घरातल्या एका बाईला महिन्याला ५००० रुपये देण्याचे आश्वासन दिले होते. गृह आधारच्या तिपटीहून अधिक! निकाल लागला तेव्हा त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. गोव्याच्या बाईने कागद घेतला, वाचला आणि मत जिथे द्यायचे तिथे दिले. तेव्हा गरीब माणूस पैशाला भुलतो हे आपण सुशिक्षितांनी जरा जपून बोलावे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा कारकून सगळ्या योजनांची आरती ओवाळणार. तसे नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे आणि तो सांगायला थोडे मागे जावे लागेल, भाटकार-मुंडकारांपर्यंत.

ज्यांच्या घरात मुंडकारपण होते त्यांना हे सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. मुंडकार भाटकाराच्या भाटात घर बांधून राहायचा. त्या बदल्यात भाट राखायचे, नारळ गोळा करायचे, वाड्यावर कार्य असले की राबायला जायचे. घर शाकारायचे तरी विचारावे लागे. बरे, सगळेच भाटकार दुष्ट होते असे नाही. काही फार दयाळू होते. चवथीला तांदूळ द्यायचे, मुलीच्या लग्नाला मदत करायचे. पण दयाळू असो की खाष्ट, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. जे मिळायचे ते त्याच्या मर्जीने मिळायचे. आज दिले, उद्या दिले नाही, तर विचारायचे कुणाला? म्हणून मान खाली घालून राहायचे.

ही मान वर कशाने झाली? दयाळू भाटकारांची संख्या वाढली म्हणून नव्हे. डिसेंबर १९६३ मध्ये मुक्त गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली, कुळा-मुंडकारांच्या मतांवर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६४ चा कूळ कायदा आला. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा झाला आणि १९७६ मध्ये कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. भाटकार कोर्टात गेले, मामलेदारांकडे खटले वर्षानुवर्षे चालले, कित्येक कुळांचे नाव उताऱ्यावर चढायचे राहिले. कायदा परिपूर्ण मुळीच नव्हता. पण एक बदल झाला तो कायमचा. मुंडकार विनंती घेऊन जाणारा राहिला नाही, दावा घेऊन जाणारा झाला. विनंती आणि दावा, सारा फरक या दोन शब्दांत आहे.

आता माझे म्हणणे सरळ सांगतो. आजच्या योजनांचा दोष त्या फुकट आहेत हा नाही. दोष हा की त्यांनी दाव्याची पुन्हा विनंती करून टाकली. नागरिकाचा 'लाभार्थी' केला. हा शब्दच बघा. लाभ मागणारा तो लाभार्थी. भाटकार बदलला, मुंडकारपण तेच.

पटत नसेल तर माझेच उदाहरण घ्या. मला महागाई भत्ता मिळतो. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या हिशोबाने, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे त्याचा दर ठरतो. आदेश यायला उशीर झाला तर थकबाकी मिळते. माझ्या पगाराच्या कागदावर कुणाचा फोटो नसतो. मला मेळाव्याला बसमधून नेत नाहीत, टाळ्या वाजवायला सांगत नाहीत. त्याला कुणी रेवडी म्हणत नाही, कारण तो नियम आहे. आता गृह आधार घ्या. ही योजना २०१२ मध्ये सुरू झाली, आणि हेतू काय होता? महागाईत गृहिणीला आधार! आधी १०००, मग १२००, मग १५०० रुपये. महागाई दर महिन्याला वाढते, पण गृह आधार कधी वाढावा, किती वाढावा याचा नियम नाही. सरकारच्या मनात येईल तेव्हा वाढतो. केंद्राचे तर याहून वाईट. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या गरीब माणसामागे केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये, आणि २०२५ सालीही तो २०० च होता. म्हातारीच्या औषधाला महागाई लागत नाही, फक्त माझ्या चहाला लागते, असे काही आहे का?

शेजारी महाराष्ट्रात बघा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी 'लाडकी बहीण' आली, महिन्याला १५०० रुपये. प्रचारात २१०० चा शब्द दिला गेला. निवडणूक झाली, सरकार आले, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० दिसले नाहीत. उलट पडताळणी सुरू झाली आणि लाखो बहिणींचे पैसे थांबले. त्यातल्या काही खरोखरच अपात्र असतील. मग निवडणुकीआधी त्या पात्र कशा होत्या? आणि जिचे चुकून थांबले तिने काय करायचे? भावाकडे जाऊन रडायचे? नात्याची भाषा ऐकायला गोड असते, पण बहिणीला भावावर दावा लावता येत नाही, नागरिकाला सरकारवर लावता येतो. म्हणून तर नाते जोडायची एवढी घाई!

हे एका पक्षाचे काम नाही. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये निवडणुकीच्या वर्षी 'लाडली बहना', कर्नाटकात त्याच वर्षी 'गृहलक्ष्मी'चे २००० रुपये, बिहारमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये ७५ लाख बायकांच्या खात्यांत प्रत्येकी १०,००० आणि नोव्हेंबरात मतदान. दिल्लीत २०२५ च्या निवडणुकीत एक पक्ष म्हणे २१००, दुसरा म्हणे २५००. मासळी बाजारात असते तशी बोली! न्यायालयानेही हात लावून पाहिला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जाहीरनाम्यातली अशी आश्वासने कायद्याने भ्रष्ट आचार ठरत नाहीत, पण निवडणुकीच्या निकोपपणाला त्यांनी धक्का बसतो. २०२२ मध्ये प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. न्यायालय तरी काय करणार? किती द्यावे हा न्यायाचा प्रश्न नव्हे, राजकारणाचा आहे.

कुणी म्हणेल, मग दुसरी वाट कुठे आहे? आहे, आणि ती मराठी माणसांनीच घालून दिली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून आला? १९७५ पासून व्यवसाय कर लावला, शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून तो कापला गेला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे बंधन झाले. पैसा कोण देतो हे माहीत होते, कुणाला मिळणार हे माहीत होते, आणि मजुराला कुणाची बहीण व्हावे लागत नव्हते. त्याच कल्पनेवर २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला. १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता, असे त्यात लिहिले होते. अंमलबजावणीत चोऱ्या झाल्या, मजुरी महिनोन् महिने रखडली, सगळे खरे. पण मजूर दावा करू शकत होता.

आणि आपण काय केले? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, ही चांगली गोष्ट आहे, ती नाकारायची नाही. पण पूर्वी कामाच्या मागणीप्रमाणे पैसा यायचा आणि अकुशल कामाची मजुरी केंद्र देत असे. आता राज्याला वर्षाला किती, हे केंद्र आधी ठरवणार, बहुतेक राज्यांनी ४० टक्के भार उचलायचा आणि ठरलेल्याच्या वरचा खर्च त्यांनी एकट्याने सोसायचा. म्हणजे हमी कागदावर, आणि पेटीची किल्ली दिल्लीत. रेशनचेही तसेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ३ रुपये किलोने तांदूळ हा हक्क झाला. २०२३ पासून तो फुकट झाला, सुमारे ८१ कोटी लोकांना मिळतो. तीन रुपये वाचले, ठीक. पण जो हक्क होता त्याच्या पिशवीवर फोटो आला आणि तो भेट झाला. त्या तीन रुपयांत काय विकले गेले याचा हिशोब कुठल्या अर्थसंकल्पात सापडत नाही.

टेबलाच्या या बाजूला बसून मला रोज हे दिसते. कागद पूर्ण, उत्पन्नाचा दाखला बरोबर, वय बरोबर, तरी बाई म्हणते, "मालकाकडून सांगायला लावू का?" मालक म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. तिला खात्री असते की नियमाने काही मिळत नाही, माणसाने मिळते. ही खात्री तिच्या मनात कुणी घातली? तिच्या आजीने ती मुंडकारपणात कमावली होती, कायद्याने ती पुसत आणली, आणि आपण मेळावे भरवून पुन्हा लिहून काढली.

माझी मागणी मोठी नाही. वृद्ध, विधवा, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या गृहिणी यांना जे द्यायचे ते विधानसभेत कायदा करून द्या. रक्कम माझ्या महागाई भत्त्यासारखी निर्देशांकाला बांधा. नाव कापायचे असेल तर आधी नोटीस द्या, अपील कुठे करायचे ते त्याच कागदावर लिहा. मतदानाआधी सहा महिने नवी रक्कम जाहीर करायला बंदी घाला. फोटो काढून टाका. आणि पैसा कुठून आणणार हे त्याच कायद्यात सांगा. त्यासाठी माझ्या पगारातून चार पैसे जास्त कापले तरी हरकत नाही. तेवढे झाले की त्याला खुशाल रेवडी म्हणा, माझी तक्रार नाही.

बाकी रेवडी नको म्हणणारे आणि रेवडी वाटणारे एकमेकांचे वैरी दिसतात, पण दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे. देणारा मोठा आणि घेणारा लहान. पैसा मात्र घेणारीचाच असतो. ती साबण घेते, तेल घेते, काड्यापेटी घेते तेव्हा कर भरतेच. भाटकार निदान स्वतःच्या भाटातले नारळ वाटायचा हो, हे तर आपल्याच माडाचे नारळ आपल्याला देऊन वर आभार मागतात!