आरोग्यचिंतन : आधी गाठ, मग वजन

भगिनींनो, सुलतानपूरसारख्या गावात स्तनातील गाठीची गोष्ट आधीच उशिरा उघड होते. त्यातच देह स्थूल असेल, तर ‘प्रथम वजन उतरवू, मग शस्त्रक्रिया करू’ असे घरातच ठरते. हा विलंब घातक आहे.

स्थूल देहात स्तन काढल्यावर जखम सावकाश भरते, आत पाणी साचण्याचा व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे खरे. म्हणूनच सिलिकॉन बसविणे अथवा पोटाची त्वचा व चरबी घेऊन नवा स्तन घडविणे हे काम कर्करोगाचे उपचार संपल्यावर, वजन आटोक्यात आणूनही करता येते. पुनर्रचना नको असेल, तर काखेजवळची जादा त्वचा काढून छाती सपाट व नीटस शिवून घ्यावी, असे शल्यविशारदांना आधीच सांगावे. उरलेल्या जड स्तनामुळे मान-खांदे दुखत असतील, तर तोही लहान करता येतो.

शस्त्रक्रियेच्या काळात दीर्घ उपवासाचा संकल्प वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये; जखम भरण्यास डाळी व दुधातील प्रथिने लागतात.

नवा स्तन थांबू शकतो. कर्करोग थांबत नाही.