‘सरासरी एक क्विंटल जास्त’, पण कोणाला?

मंडळी, आज जरा भांडायचंय. भांडण सरासरीशी आहे, आणि सरासरी सांगून मोकळं होणाऱ्यांशी. ‘ॲनोव्हा’ हे नाव ऐकून घरच्यांनी लगेच पान बंद करू नये. आकडे पाढ्यांइतके सोपे ठेवलेत.

आमच्या सेनगाव तालुक्यात खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन. बहुतेक रानं पावसाच्या भरवशावर. कुणाच्या विहिरीला सप्टेंबरात पाणी असतं, कुणाला विहीरच नाही. आणि पेरणीच्या तोंडावर सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं जातं : नवा वाण एकरी सरासरी एक क्विंटल जास्त देतो. माझा प्रश्न एवढाच, कोणाला?

समजा (आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त मुद्दा कळावा म्हणून), प्रयोगात तीन गोष्टी बदलल्या. वाण जुना की नवा, पेरणी सपाट की बीबीएफवर म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, आणि शेंगा भरताना एक पाणी दिलं की नाही. झाल्या आठ जोड्या. प्रत्येक जोडी तीन पट्ट्यांत एकेकदा, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेली. एकूण २४ वाफे. एकरी क्विंटल असे आले :

पाणी आणि बीबीएफ : जुना ८, नवा १२.
पाणी आणि सपाट : जुना ७, नवा ८.
पाणी नाही, बीबीएफ : जुना ६, नवा ६.
पाणी नाही, सपाट : जुना ६, नवा ५.

सरासरी काढा. जुना ६.७५, नवा ७.७५. झाला ना ‘एक क्विंटल जास्त’? वाक्य खोटं नाही. पण ज्याच्याकडे पाणी नाही आणि जो सपाट पेरतो, त्याचा एक क्विंटल जातो, वर महागाचं बियाणं. पाणीवाल्याच्या चार क्विंटलांत याचं नुकसान गडप झालं, आणि सल्ला मात्र दोघांना सारखाच!

ॲनोव्हात वरच्या सरासरी फरकाला मुख्य परिणाम म्हणतात, आणि एकेका ओळीतल्या फरकाला साधा परिणाम. आता बघा : पाणी असताना बीबीएफमुळे नव्या वाणाचा फायदा १ वरून ४ वर गेला, म्हणजे ३ ने वाढला. पाणी नसताना उणे १ वरून शून्यावर, म्हणजे फक्त १ ने. ही ३ आणि १ मधली तफावत म्हणजे तीन घटकांची आंतरक्रिया. ती खरी ठरली, तर नुसत्या सरासरीवर थांबायचा हक्क संपला. आधी पाणी असलेले-नसलेले वेगळे करा, प्रत्येकात वाण आणि पेरणीची आंतरक्रिया पाहा, मग साधे परिणाम.

आता दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींशीही भांडतो. प्रत्येक ओळ सुटी काढून टी-टेस्ट लावत सुटायचं नाही. अख्ख्या प्रयोगाच्या त्रुटीला इथे १४ डिग्रीज ऑफ फ्रीडम आहेत, सुट्या ओळीला उरतात फक्त २. पाच टक्क्यांची टी-ची रेघ १४ ला २.१४ वर असते, २ ला थेट ४.३० वर. वाफ्यांमधली चढ-उतार सगळीकडे साधारण सारखी असेल, तर अख्ख्या प्रयोगाचीच त्रुटी वापरा.

शिवाय चार चाचण्या, प्रत्येकी पाच टक्के चूक. स्वतंत्र मानल्या तर निदान एक खोटा फरक सापडायची शक्यता १८-१९ टक्के होते. तिन्ही घटकांचे मिळून बारा साधे परिणाम तपासले, तर ४६ टक्के! म्हणून चारच तपासणार हे आधी ठरवा, आणि पाच टक्के चारांत वाटून प्रत्येकाला सव्वा टक्का द्या.

आणि सगळ्यात लाडकी चूक : ‘पाणी असताना फरक सिग्निफिकंट, नसताना नाही, म्हणजे पाण्याने फरक पडतो.’ नाही हो! एक फरक रेघेच्या थोडा वर, दुसरा थोडा खाली, एवढ्याने ते दोघे एकमेकांपासून वेगळे ठरत नाहीत. ते काम आंतरक्रियेच्या चाचणीचं.

हे काही मी आज शोधलेलं नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा, या सल्ल्याला फिशरने १९२६ मध्येच विरोध केला होता. पानसे आणि सुखात्मे या आपल्याच दोघांनी शेतीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक १९५४ पासून उपलब्ध आहे.

तरी उत्तर ठरलेलं : शेतकऱ्याला एवढं कळत नाही, त्याला सोपं वाक्य हवं. याचाच मला खरा राग येतो. आमच्याकडचा कुठलाही म्हातारा पेरणीबद्दल विचारा, ‘पाणी हाय का?’ विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. अटी घालून बोलणं त्याला जन्मापासून येतं. साधा परिणाम दुसरं काय सांगतो? ‘पाणी असेल आणि बीबीएफवर पेरणार असाल तर नवा घ्या. पाणी नसेल तर जुनाच बरा.’ दोन वाक्यं. पत्रकावर मावतात.

तेव्हा कुणी सरासरी फायदा सांगितला, की सरळ विचारा : माझ्या ओळीत किती?