कोर्स झाला, आता कांदा लावा

बारावीचा निकाल लागला की पालक विचारायला येतात, "सर, बायोइन्फॉर्मॅटिक्सला स्कोप आहे का? कुठला कोर्स लावू?" जन्मभर नाशिकमध्ये आनुवंशशास्त्र शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्या दारी. जीवशास्त्राची माहिती संगणकानं तपासणाऱ्या या शास्त्राला स्कोप आहेच. पण नुसत्या कोर्सनं संशोधक होत नाही, हे माझं उत्तर त्यांना रुचत नाही.

मध्यंतरी एम.एस्सी.ची एक हुशार मुलगी लॅपटॉप घेऊन आली. पायथॉन येतं, लिनक्स येतं, सर्टिफिकेटांची थप्पी. डीएनए वाचणाऱ्या यंत्राची फाइल तिनं उघडली. त्यात प्रत्येक तुकड्याच्या चार ओळी असतात: नाव, ए-सी-जी-टी ही अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि शेवटी गिचमिड चिन्हांची रांग. म्हटलं, "ही चौथी ओळ काय सांगते?"

"ते सॉफ्टवेअर बघतं, सर."

कुठल्या अक्षरावर किती भरवसा ठेवायचा, हे तीच ओळ सांगते. प्रत्येक चिन्हामागे एक गुण असतो; तो 30 असेल तर हजारात एक चूक संभवते, 20 असेल तर शंभरात एक. हे तपासल्याशिवाय पुढं न जाण्याची सवय हेच खरं कौशल्य. त्याला संख्याशास्त्र लागतं आणि नमुना कुठून, कसा आला याची जाणही.

ती जाण यायला नाशिक जिल्ह्यासारखी जागा नाही. कांद्याच्या मुळाचं टोक स्लाइडवर दाबून 16 गुणसूत्रं बी.एस्सी.ला सगळेच शोधतात. त्याच कांद्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, माणसाच्या सुमारे पाचपट आहे आणि त्यातल्या पुनरावृत्तींमुळे तुकडे जुळवताना संगणकालाही घाम फुटतो, हे कितीजणांना ठाऊक असतं? आणि नमुना माणसाचा असेल तर? सिकलसेल हा रक्ताचा आजार जनुकातलं एकच अक्षर बदलल्यानं होतो. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांत तपासणीला आलेल्या बाईला रक्त कशासाठी घेतोय, हे तिच्या बोलीत सांगता येणं कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?

म्हणून महाविद्यालयांनी वनस्पतिशास्त्र, संगणक आणि संख्याशास्त्राच्या मुलांना एकत्र बसवून वर्षभराचा एकच प्रकल्प द्यावा. नमुना त्यांनीच शेतातून आणावा, डीएनए त्यांनीच काढावा. तुलनेसाठी जगभरची माहिती एनसीबीआय या सार्वजनिक संग्रहाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. प्रकल्प फसला तर का फसला, तेही लिहून घ्यावं. आणि क्लासची फी भरण्याआधी पालकांनी एवढंच विचारावं: वर्षाअखेर पोराच्या हाती सर्टिफिकेट असेल, की स्वतः तडीस नेलेलं एखादं काम?