अंगणाला माती ठेवा

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या नव्या वसाहतींत बंगला उभा राहिला की शेवटचे काम ठरलेले: फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवायचे. कोपऱ्यात दोन कुंड्या, त्यांत शोभेचे पाम आणि भिंतीकडेने उंच, सरळ अशोकाची रांग. चिखल होत नाही, गाडी आत येते, झाडलोट सोपी जाते. ही सोय खरी आहे. पण तिची किंमत घरातलीच माणसे एप्रिल-मे महिन्यांत मोजतात. पारा चाळिशीपलीकडे जातो, सिमेंट दिवसभर ऊन पिते आणि रात्री तीच धग खिडकीतून आत सोडते. मग कूलर वाढतात आणि कूलरला पाणी लागते.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फूट जागा म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 800 मिलिमीटर धरला, तर एवढ्या जागेवर 74 हजार लिटर पाणी पडते. घट्ट बसवलेल्या गट्टूंवरून त्यातले बहुतेक रस्त्यावर जाते, रस्त्यावरून नालीत आणि नालीतून नदीकडे. त्याच घराचा बोअर उन्हाळ्यात आटतो आणि दारात टँकर येतो.

इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून गट्टू दोन-तीन वर्षांत वरखाली होतात. वड, पिंपळ, कडुनिंब यांसारखी मोठी झाडे घराला लगटून लावू नयेत, याचेही कारण हीच माती. मुळांनी पायाखालची ओल ओढली की जमीन आणखी आकसते आणि भिंतींना तडे जातात. पण झाडाची भीती वाटते म्हणून सगळी जमीन झाकून टाकायची, हा उपाय नव्हे. लहान झाडे भरपूर आहेत. गाडीची चाके जिथून जातात तेवढ्या दोन पट्ट्या पक्क्या करा, बाकी जागा मोकळी सोडा.

मोकळ्या जागेत काय लावावे, यासाठी दूरच्या नर्सरीचे रंगीत कॅटलॉग बघायची गरज नाही. घराला रोज लागते ते लावावे. फाटकाजवळ पारिजातक, खिडकीखाली मोगरा, देवाच्या परडीसाठी जास्वंद आणि तगर. स्वयंपाकघराच्या बाजूला कढीपत्ता, लिंबू, गवती चहा, अडुळसा. विजेच्या तारा नसतील तिथे शेवगा, कारण त्याची फांदी ठिसूळ असते. लहान मुले असतील तर कण्हेर टाळावी, ती विषारी आहे. भाजीसाठी भेंडी लावावी. तिच्यावरच्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी काढली. चार फुटांच्या वाफ्यात तिची पाच-सहा झाडे सहज येतात.

आणि हळद तर हवीच. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळदीचे संशोधन केंद्र होते आहे, आणि या बंगल्यांपैकी कितीतरींची बांधणीच हळदीच्या पैशातून झाली आहे. तरी दारात हळदीचे एक पान दिसू नये, याचे वाईट वाटते. हळदीला अर्धी सावली चालते, पाणी साचलेले चालत नाही. शेतात आपण गादीवाफा करतो, तोच अंगणात हातभर रुंदीचा करावा. काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे, जूनच्या तोंडावर बेणे लावावे. पावसाळाभर रुंद हिरवी पाने दारासमोर राहतात आणि आठ-नऊ महिन्यांनी घरची ओली हळद हाती येते. एवढे देणारे शोभेचे झाड दुसरे कोणते?

ही चैनीची गोष्ट नाही. जुन्या माळवदाच्या घरांत न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ वाढत होती. आजही ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांच्या महिला घरामागच्या तुटपुंज्या जागेत पोषण परसबागा लावून मुलांच्या ताटात पालेभाजी आणतात. ज्यांच्याजवळ जागा कमी, त्या हे करत आहेत. ज्यांच्याजवळ हजार फूट मोकळी जागा आहे, त्यांनी ती सिमेंटखाली का घालावी?

नगरपरिषदांनी यात पुढाकार घ्यावा. बांधकाम परवान्यात समोर मोकळ्या सोडायला लावलेल्या जागेपैकी निम्मी तरी माती उघडी राहील, अशी अट घालावी आणि ती पाळणाऱ्याला मालमत्ता करात सवलत द्यावी. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने शेतकऱ्यांबरोबरच शहरातल्या घरांसाठीही रोपे आणि सल्ला द्यावा. पण घरमालकाने त्यांची वाट पाहू नये. मृगाआधी भिंतीकडच्या गट्टूंच्या दोन रांगा काढायला एक मजूर आणि एक दिवस पुरतो. या वर्षी तेवढे करा. पुढच्या उन्हाळ्यात तिसरी रांग काढावी असे तुम्हालाच वाटेल.